बिदाईले सरचं रडकं

मी आवाज काढतो. म्हणजे माहा धंदाच तो हाय. गॅदरिंग, गणपती, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, जथी माइक तथी मी. पुढारी काढतो, एसटीचा कंडक्टर काढतो, नांदुऱ्याच्या स्टेशनवर गाडी लेट हाय म्हणून सांगणारी बाई तं अशी काढतो का एकदा कार्यक्रमात एक आजी पिशवी घेऊन उठून उभी राह्यली. पण आमच्या धामणगाव बढ्यात कार्यक्रम असला का मागून कोणीतरी वरडतेच, "ते सोड बे, सरचा काढ!"

गावात सर लय झाले. पण नुसतं 'सर' म्हणलं का नारखेडे सर. शाळेत इंग्रजी शिकवत. त्याइले जाऊन आता दुसरा उन्हाळा चालू हाय. मी काढतो त्याइचा आवाज. आधी दोनदा खोकला, मंग चष्मा वर सारणं, मंग "नाही कळलं? पुढं चला, पुढं कळीन." लोक पोट धरून हसतात. अन् हसता हसता एखादी बाई पदरानं डोळे पुसाले लागते. कार्यक्रम विनोदी ठेवलेला असते, त्यामुळं आयोजकाले जरा अवघड होते.

सर दिसाले बेताचे. पांढरा बुशशर्ट, अन् खिशाच्या खाली निळ्या पेनाचा डाग. शर्ट बदलले पण डाग तोच राह्यला, आम्हाले वाटे सर दुकानातूनच डागाचा शर्ट घेतात. गावाबाहेर त्याइचा मळा होता, वांगे, मिरच्या, भेंड्या. सकाळी लुनावर पुढं भाजीचं पोतं, मागं तपासलेल्या वह्या. एकदा घाईत वह्या बाजारात उतरवल्या अन् वांगे वर्गात आणले. आता कोणीही मास्तर असता तं वरमला असता. सरनं पोतं टेबलावर ठेवलं अन् तो तास वांग्यावर घेतला. जांभळं, चमकदार, काटेरी, किडकं, सगळ्याले इंग्रजी. 'किडकं वांगं' मले आजही इंग्रजीत येते. बाकी इंग्रजी विचारू नका.

बाजाराच्या दिवशी सर सोता दुकान लावत. बाया आमच्याच माया, त्या काय मास्तरले भिणार? "सर, लेकरू तुमच्याच वर्गात हाय, काहीतरी कमी करा." सर दोनदा कमी करत. तिसऱ्यांदा कोणी घासाघीस केली का सर सरळ इंग्रजीत भाव सांगत. लांब, सावकाश, रेडिओवर सांगतात तसा. बाई गांगरून पैसे देऊन टाके. माही माय म्हणे, "तो मास्तर मराठीत हाय तोपर्यंत भाजी घेऊन घ्यावं."

सरले दोनच भाषा येत, वऱ्हाडी अन् इंग्रजी. मधली नाही. एकदा पुण्याकडचे साहेब शाळा तपासाले आले अन् म्हणाले, "मुलांशी प्रमाण मराठीत बोलत जा." सर म्हणले, "साहेब, मी इंग्रजीचा मास्तर हाय. ती तिसरी भाषा शाळेनं दिली नाही मले." साहेबाले हसावं का रागवावं कळलं नाही. त्याइनं कपातला च्या पिऊन घेतला.

शिकवाची रीत बी त्याइचीच. खिशात नेहमी कापसाचा पुंजका. आपल्या इकडं कापसाले काय तोटा. पोट्ट्याच्या तळहातावर पुंजका ठेवत, हात तोंडासमोर धराले लावत, अन् उच्चार पक्का व्हावा म्हणून एकेक इंग्रजी शब्द म्हणाले लावत. काही शब्दाले कापूस उडाला पाहिजे, काही शब्दाले नाही. चुकीच्या शब्दाले उडाला का, "अबे, हवा कायले खर्च करून राह्यला? सायकलच्या ट्यूबीले ठेव थोडी." आमच्या वर्गात दहावीपर्यंत सगळीकडं कापूस. झाडणारी बाई सरले शिव्या देत असे.

माही अन् त्याइची खरी ओळख नववीत झाली. मधली सुट्टी होती, मी टेबलावर चढून सर करून राह्यलो होतो. पोट्टे हसत होते, अन् एकदम गप झाले. म्हणलं जमलं नाही वाटते, म्हणून आणखी जोर लावला. मागून आवाज आला, "खोकला चुकला." वळून पाहतो तं सर. मी टेबलावर, सर खाली. मले वाटलं आता कान गेला. सर म्हणले, "मी दोनदा खोकलतो, तू एकदाच खोकलला. अन् चष्मा मी खोकलल्यावर सारतो, आधी नाही. कर पुन्हा." मले पुन्हा कराले लावलं. तिसऱ्या वेळी म्हणले, "हाव, आता मी हाय. उतर खाली, नाव काय तुहं?" नाव सांगितलं, पण त्या दिवसापासून त्याइनं मले नावानं हाक मारलीच नाही. शेवटपर्यंत 'रेडिओ'. "ए रेडिओ, इकडं ये बे."

आता ते गाणं.

सर कॉलेजले अमरावतीले होते. होस्टेलच्या समोर एक म्हाताऱ्या बाई राहत, जुन्या संगीत शिकवणाऱ्या, घरात मोठा पियानो. सरच्या घरून भाजी गेली का सर त्याइले थोडी नेऊन देत. बाई बदल्यात गाणं शिकवत. तसं एक इंग्रजी गाणं सर शिकले. सिनेमातलं नाही, चर्चमधलं बी नाही. सर सांगत, "आपलं भावगीत राहते ना, तसं. आधी कवीनं कविता लिहिली, मंग दुसऱ्यानं तिच्यासाठी एक माणूस अन् एक पियानो एवढंच मोजून सूर बांधले. वाजा नाही, कोरस नाही, नाच नाही." पियानो धामणगावात कुठून आणता? मंग भजनी मंडळातले शेषराव पेटीवाले. शेषरावनं पेटीवर धरलं, तं तबलेवाल्याचा हात शिवशिवला अन् त्यानं खाली भजनाचा ठेका सोडला. सर थांबले. "वासुदेव, याले ठेका नसते." वासुदेव म्हणला, "मंग लोकाइले कळीन कसं का गाणं चालू हाय?"

शाळेत दहावीच्या पोट्ट्याइचा निरोप समारंभ राहते, तथी सर दरवर्षी ते गाणं म्हणत. उभं राहाची पद्धत ठरलेली. एक हात पेटीवर, दुसरा मागं. डोळे उघडे. तोंडावर काही नाही, रडणं नाही, हसणं नाही, जसं काही हजेरी घेऊन राह्यले. पण आवाज असा का पत्र्याच्या शेडखाली बसलेले पोट्टे एकमेकाले चिमटे काढाचे थांबत. शब्द कोणाले कळत नसत. सर सांगत बी नसत. विचारलं तं म्हणत, "निरोपाचं हाय. पुढं चला."

ते गाणं शाळेच्या बाहेर गेलं कसं, त्याचा किस्सा हाय. सरपंचाच्या पोरीचं लग्न होतं. बिदाईची वेळ झाली, अन् बॅण्डचा गाणारा जेवून कुठं गायब झाला कोणाले माहीत. पोरगी गाडीपाशी उभी, माय गळ्यात पडलेली, अन् बॅण्डवाले नाचाचंच गाणं वाजवून राह्यले. सरपंच वरडले, "अरे बंद करा ते! कोणीतरी रडकं म्हणा!" ती पोरगी सरच्या हाताखालून गेलेली. ती रडता रडता म्हणली, "सरले सांगा. सरचं ते निरोपाचं."

सर नाही नाही म्हणत होते. "अहो, ते बिदाईचं नाही."

"मंग कायचं हाय?" सरपंच म्हणले.

"निरोपाचं हाय."

"तेच तं पाह्यजे ना बाप्पा!" अन् माइक हातात दिला.

सरनं म्हणलं. मांडवात एक बाई कोरडी राह्यली नाही. नवरदेवाचा बाप, मलकापूरचा सरकीवाला, तो बी रडला, अन् तो वरपक्षाचा होता, त्याले रडाचं काही कामच नव्हतं. झालं. दुसऱ्या लग्नापासून पत्रिका द्याले आले का लोक सरले सांगत, "सर, जेवाले तं याच, पण बिदाईपर्यंत थांबा." गावात त्याचं नावच पडलं, 'सरचं रडकं'. ज्याच्या घरी रडकं झालं नाही त्याची पोरगी सासरी ऐकवे, "आमच्या इथं सगळ्याइच्या बिदाईले इंग्रजी होते, माह्यावेळी सर गावाले गेले होते." पंचक्रोशीत दुसऱ्या गावचे लोक हसत, का धामणगावच्या पोरी इंग्रजीत नांदाले जातात.

अन् सरले माहीत होतं का हे गाणं मरणाऱ्या माणसाचं हाय. पहिल्या वेळी सांगाले झालं नाही. दुसऱ्या वेळी वाटलं, आता सांगितलं तं सरपंचाच्या पोरीले वाईट वाटीन. पुढं तं सांगाची सोयच राह्यली नाही. मले हे कळलं ते अकरावीत, मी सरले सरळच विचारलं. सर म्हणले, "रेडिओ, एक माणूस मरून राह्यला अन् बाईचा निरोप घेते. एवढंच. गावाले सांगू नको, पोरी नांदतात हायेत, नांदू दे."

गावात ते गाणं न ऐकणारं एकच माणूस होतं. आमच्या काकू, म्हणजे सरची बायको. बिदाईच्या वेळी पेटी आली का काकू शेजारणीले म्हणत, "चाला बाई, चालू झालं. पंगतीत जागा पाहू." काकूच्या डोक्यात पक्कं बसलं होतं का हे गाणं अमरावतीच्या कोण्या पोरीचं हाय. सर सांगत का बाई सत्तरीची होती, दात नव्हते. काकू म्हणत, "दात नसणारीचं कोणी इतके वर्षं गाणं म्हणत नाही." काकूचं शिक्षण सातवी, पण मळा त्याच पाहत. मजूर लावणं, फवारणी, बाजाराचा हिशोब, सगळं. सरले मिरचीचं रोप अन् वांग्याचं रोप लहान असताना ओळखू येत नसे, हे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत.

त्याइले एकच पोरगी, सुजाता. माह्या दोन वर्षं पुढं. तिचं मलकापूरले जमलं होतं, लग्न वैशाखातलं. अन् त्याच हिवाळ्यात सरचा आवाज बसला. आधी सगळ्याइले वाटलं खडू. मंग हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मलकापूरचा डॉक्टर झाला, त्यानं जळगावले पाठवलं. जळगावच्यानं नळी घालून पाह्यलं अन् सांगितलं का घशात गाठ हाय, चांगली नाही, आवाजाची पेटीच काढा लागीन. माणूस वाचते, आवाज जाते.

गावातले लोक भेटाले येत अन् विचारत, "सर, तुमी तं सुपारीबी खात नाही!" सर घोगऱ्या आवाजात म्हणत, "आपल्या खात्याचा नियमच हाय. तंबाखू शेजारच्या मास्तरनं खाल्ली, बदली माही झाली."

डॉक्टरनं सांगितलं होतं, पंधरवड्याच्या वर थांबू नका. काकू म्हणल्या, उद्याच चाला. सर म्हणले, आधी सुजाताचं लग्न. घरात तीन दिवस हेच. मलकापूरवाले भले माणसं, ते म्हणले आमची तयारी हाय. गुरुजीनं पंचांगातून एक मुहूर्त कसाबसा ओढून काढला, पुढच्या आठवड्यातला. काकू लग्नाले हाव म्हणल्या, पण सरशी बोलणं बंद केलं. कारण गावात सगळ्याइले माहीत होतं, सर कायले थांबले ते. पोरगी तं ऑपरेशन झाल्यावरबी गेली असती सासरी. पण मंग बिदाईले सरपाशी आवाज नसता.

आवाजाच्या धंद्यासंगं मी माइक-भोंगेबी भाड्यानं देतो, म्हणून लग्नाचा साउंड माह्याकडं होता. दोन दिवस आधी, दिवेलागणीले, मी भोंगे कुठं लावाचे विचाराले गेलो. काकू चुलीपाशी च्या करत होत्या, सर भिंतीले टेकून बसले होते, सुजाता शेजारी मेंदी काढून घ्याले गेली होती. मी म्हणलं, "काकू, माइकचा वायर बिदाईच्या गाडीपर्यंत ओढू ना?"

काकू माह्याशी बोलल्या, पण ऐकवलं सरले. "विचार त्याइले. त्या अमरावतीवालीच्या गाण्यापायी गळा कापाले उशीर करून राह्यले. गाठ काय थांबते का याइचं गाणं होईस्तोवर?"

सर म्हणले, "अवं, अमरावतीवाली कोणीच नाही."

"मंग सांगा. इतके वर्षं झाले, सांगा आज मले, काय हाय त्याच्यात. एकेक शब्द सांगा. हा रेडिओ बसला हाय साक्षीले."

मी उठाले लागलो. काकू म्हणल्या, "बस खाली, च्या घे."

सरनं दोनदा खोकलून घेतलं. चष्मा सारला. अन् वर्गात धडा सांगावा तसं सांगाले लागले, थांबत थांबत, कारण आवाज फाटत होता. "एक माणूस खाटेवर हाय. त्याचं झालं आता. त्याची बायको जवळ हाय. तो म्हणते, खिडकी उघडी राहू दे, वारा लागू दे. दिवा मोठा करू नको, मले तू अंधारातबी दिसतं. म्हणते, माह्या घोड्याले चारा घाल, तो दुसऱ्याच्या हातानं खात नाही, पण तू त्याले समजाव."

"घोडा?" काकू म्हणल्या. "घोडा कायले?"

"इंग्रज होता. त्याले घोडा राहीनच."

"तुमच्यापाशी तं लुना हाय."

मले हसू आलं, सरलेबी आलं, अन् हसता हसता खोकला आला. काकूनं पाण्याचा गिलास पुढं सारला, पण बोलणं बंद होतं म्हणून जमिनीवरून सारला.

"पुढं?"

"पुढं म्हणते, माहा हात गार झाला तं भिऊ नको, सोड. दार लोटून घे, पण कडी लावू नको. अन् दारात उभी राहू नको, पाय दुखतीन तुहे. मी वाटेनं जाईन, मले वाट माहीत हाय. बस. संपलं."

चुलीवर च्या उतू गेला. काकूनं पातेलं उतरवलं. मंग म्हणल्या, "अन् ती काय म्हणते?"

"कोण?"

"बायको."

"तिचं काही नाही त्याच्यात."

"काहीच नाही?"

"गाणं त्याचं हाय ना."

"म्हणजे तो खिडकी सांगते, घोडा सांगते, पाय दुखतीन म्हणते, अन् निघून जाते. अन् ती नुसती मुक्यानं उभी?" काकूनं कपात च्या गाळला. "मंग हे अर्धंच हाय. तुमी इतके वर्षं अर्धंच गाणं म्हणून राह्यले."

सर चष्मा काढून पुसाले लागले. इंग्रजीच्या कवितेवर असा आक्षेप त्याइनं ऐकला नसावा.

मंग काकूच्या ध्यानात आलं. हातातली गाळणी तशीच. "थांबा. हे मरणाचं गाणं तुमी गावातल्या समद्या पोरीइच्या बिदाईले म्हणलं?"

"लोकाइनं म्हणाले लावलं."

"अन् एखादीचं काही बरंवाईट झालं असतं तं?"

"सगळ्या मजेत हायेत. शेळकेची दोनदा माहेरी पळून आली, पण ते सासूपायी."

काकू हसल्या नाही. त्याइनं सरकडं सरळ पाह्यलं, त्या आठवड्यात पहिल्यांदा. "ऐका. आठ दिवसानं तुमचा गळा कापणार हायेत. तुमी टेबलावरून उठसान का नाही ते डॉक्टरबी लिहून देऊन नाही राह्यला. अन् तुमी पोरीच्या बिदाईले हे म्हणसान? माह्या समोर? सुजाताच्या लग्नात हे गाणं झालं तं मी मांडवातून उठून जाईन. मंग पोरीले गाडीत कोण बसवते पाहा."

मले वाटलं सर काहीतरी म्हणतीन. इतक्या मुश्किलीनं त्याइनं ते दिवस मागून घेतले होते, त्या एका गाण्यासाठी. सरनं च्याचा कप घेतला, फुंकर मारली अन् म्हणले, "बरं." मंग मले म्हणले, "रेडिओ, वायर मंगलाष्टकापुरताच ओढ."

पण मी वायर गाडीपर्यंत ओढला. साउंडवाल्याचं असं राहते का वायर कमी पडला तं लोक त्यालेच धरतात.

लग्न झालं. गाव लोटलं होतं. सरच्या हाताखालून गेलेल्या पोरी, ज्या बिदाईले रडत गेल्या होत्या, त्या आता लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. पंगती उठल्या. सुजाता गाडीपाशी आली. शेषरावनं पेटी खुर्चीवर ठेवली, त्याले कोणी सांगितलंच नव्हतं. लोक गोळा झाले, अन् नेहमीसारखं चालू झालं, "सर! सर, रडकं!" लोकाइले माहीत होतं का हे शेवटचं हाय, म्हणून आवाज जरा जास्तच मोठा होता.

सर मांडवाच्या खांबापाशी उभे. कोणीतरी हातात माइक दिला. सरनं माइक खाली धरला अन् म्हणले, "आज नाही होणार. घसा नाही." शेषरावनं पेटीवरचे हात मागं घेतले. कोणी काही म्हणू शकत नव्हतं, घसा खरंच नव्हता.

सुजातानं मायकडं पाह्यलं. "आई, म्हणू नका म्हणून तूच सांगितलं ना त्याइले?"

काकू म्हणल्या, "तुले माहीत हाय का ते कायचं हाय?"

"मले दहावीतच माहीत होतं. मी कोणाच्या वर्गात होती?" सुजाताचं काजळ गालावर आलं होतं, पण आवाज साफ, सरसारखा. "गावातल्या सगळ्या पोरीइले बाबानं निरोप दिला. मीच काय घोडं मारलं? अपशकुन म्हणतं? आई, पुढच्या आठवड्यात मी आली अन् बाबा म्हणले, तं मले ऐकू येणार हाय का?"

काकू उभ्या राह्यल्या. मांडवातून बाहेर जाची वाट समोरच होती. बायाइनं जागाबी करून दिली. काकू निघाल्या, मले वाटलं झालं आता. पण त्या पंगतीकडं गेल्या नाही का घरातबी गेल्या नाही. सरपाशी गेल्या, बाजूले उभ्या राह्यल्या, अन् लोकाइकडं तोंड करून म्हणल्या, "म्हणा आता. लोक ताटकळले."

सरनं एक हात पेटीवर ठेवला. आवाज कसा होता, ते मी सांगतो, कारण माहा धंदाच तो हाय. बारीक पत्र्यावर वाळू घासावी तसा. दोन ठिकाणी आवाज आलाच नाही, तथी शेषरावनं सूर धरून ठेवला अन् सरनं नुसते ओठ हालवले. तोंडावर तेच, हजेरी घेतल्यासारखं. फक्त या वेळी दुसरा हात मागं नव्हता. तो काकूनं धरला होता. गाण्यात तो माणूस हात सोड म्हणते, ती जागा आली, मले शब्द पाठ हायेत, अन् मी पाहत होतो. काकूलेबी आता अर्थ माहीत होता. काकूनं सोडला नाही.

मंग सुजाता गाडीत बसली. सरनं खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणले, "पोचली का फोन कर." माइक चालूच होता, सगळ्या गावानं ऐकलं.

ऑपरेशन जळगावले झालं. सर उठले. गळ्याले भोक, त्याच्यावर बारीक पांढरं फडकं. बोलणं बंद. गावात सर दिसत, लुनावर, मागं आता काकू बसत. कोणी दुकानाच्या पाटीवर इंग्रजी चुकवलं असलं तं सर लुना थांबवत, उतरत, चुकीच्या अक्षरावर बोट ठेवत, दुकानदाराकडं पाहत, अन् काकू म्हणत, "ते चुकलं म्हणतात ते. काय चुकलं ते मले माहीत नाही, पण चुकलं." बाजारात बी काकूच बोलत. घासाघीस तिसऱ्यांदा झाली का काकू गप होत, अन् सर नुसता चष्मा सारत. भाव तेवढ्यानंच ठरे.

मी त्याइले शेवटचं पाह्यलं ते श्रावणात. मायनं मिरच्या आणाले धाडलं होतं म्हणून मी मळ्यात गेलो. आवाज आला म्हणून मी बांधावरच थांबलो. काकू मिरच्या तोडत होत्या, पाठ माह्याकडं. सर पोत्यावर बसून तोडलेल्या मिरच्या निवडत होते. काकू गाऊन राह्यल्या होत्या. चाल तीच होती, पण इतकी वऱ्हाडी झाली होती का अमरावतीच्या बाईनं ओळखली नसती. जात्यावरच्या ओवीसारखी वाकडी. अन् शब्द काकूचे होते.

खिडकी लावली मी, वारा लय सुटला होता. दिवा मोठा केला, मले दिसत नाही अंधारात. घोड्याले चारा घातला, खाल्ला बाप्पा त्यानं, मुकाट खाल्ला. दारात उभी राह्यली मी. दुखले पाय. दुखू दे.

एका ठिकाणी सूर खाली उतरला. मास्तर तो मास्तरच, सरनं लगेच बोट वर केलं अन् मिरच्याच्या टोपलीवर टकटक वाजवलं.

काकूनं मागं वळूनबी पाह्यलं नाही. "हाव, हाव. तुमचं झालं ना म्हणून? आता माहं चालू हाय. गप ऐका."

सरचे खांदे हालले. आवाज नव्हता, पण हसत होते. मंग त्याइनं बोट खाली घेतलं, हातातली मिरची पोत्यावर ठेवली अन् ऐकत बसले.